पेजमेकरचा जुना कॉम्प्युटर, लग्नसराई आणि व्हायरसची धास्ती

पत्रिकावाली_बार्शी

नमस्कार मंडळी. माझं बार्शीत डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानात दोन कॉम्प्युटर. जुन्यावर विंडोज ७, पेजमेकर ७ आणि डोंगलवर, म्हणजे यूएसबीला लावायच्या किल्लीवर, चालणारे मराठी फॉन्ट. लग्नपत्रिका, उत्तरकार्याची कार्डं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळं मॅटर त्यातच, आणि ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा मराठीत, नाही. नव्यावर विंडोज १०. व्हॉट्सअॅप वेब, मेल, प्रिंट त्यावर. दोन्ही एकाच राउटरला जोडलेत, मधे एक फोल्डर शेअर केलाय, पासवर्ड नाही. बॅकअपची हार्ड डिस्क नव्याला कायम लावलेली असते.

गेल्या आठवड्यात आमच्याच पेठेतल्या एका दुकानदाराच्या सगळ्या फाइली लॉक झाल्या. प्रत्येक नावाला चार अक्षरांचं शेपूट आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची इंग्रजी चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगा त्यांना म्हणतोय, "फॉरमॅट मारू." मला म्हणतोय, "ताई, चांगला अँटीव्हायरस घ्या आणि निर्धास्त राहा."

तुळशीचं लग्न झालं, आता कामाची रीघ लागेल. जुना कॉम्प्युटर बदलला तर पेजमेकर आणि डोंगल दोन्ही अडणार. काय करू?

पेंग्विनप्रेमी

दोन्हीवर विंडोज काढून लिनक्स टाका. विषय संपला.

पत्रिकावाली_बार्शी

दादा, डोंगल चालेल का त्यावर?

तात्या_हार्डवेअर

पेंग्विनप्रेमी आता येत नाहीत, म्हणून मी सांगतो: नाकी नऊ येतील. ऐन सराईत तो उद्योग नको.

आधी शेजाऱ्यांचं. त्यांना आत्ताच्या आत्ता फोन करा आणि फॉरमॅट थांबवा. ९८०, ४९० आणि रीडमीची चिठ्ठी म्हटलं की हे बहुतेक 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' म्हणतात त्या घराण्यातलं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस. हे मुख्यतः विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायच्या क्रॅकमधून येतं. ते कसं, ते तुम्हाला ठाऊक असेलच: क्रॅकसोबत सूचना असते की "आधी अँटीव्हायरस बंद करा". राखणदाराला सुट्टी देऊन चोराला चहाला बोलावायचं. आपल्या धंद्यात डिझाइनचं कोरल कोणाचं कसलं असतं ते मी इथे विचारत नाही, पण तुमच्या नव्या कॉम्प्युटरवर असलं काही असेल तर ते आधी काढा. इतर सगळी काळजी त्यानंतर.

चिठ्ठीच्या शेवटी एक लांबलचक आयडी असतो. तो 'टी १' ने संपत असेल तर थोडी आशा आहे. त्या वेळी व्हायरसला आपल्या सर्व्हरशी बोलता आलं नाही आणि त्याने ठरलेली, सगळ्यांना एकच असलेली किल्ली वापरली, असा त्याचा अर्थ. अशा काही किल्ल्या सापडल्यात आणि 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर सोडवायचं साधन फुकट मिळतं. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल ही युरोपातली पोलीस संस्था आणि दोन अँटीव्हायरस कंपन्यांनी ही साइट २०१६ मध्ये सुरू केली. आयडीचा शेवट वेगळा असेल तर आज उपाय नाही, तरी डिस्क काढून कपाटात ठेवावी, नवी डिस्क टाकून काम सुरू करावं. किल्ली पुढे कधी सापडली तर लॉक झालेल्या फाइली हाताशी हव्यात ना? आणखी एक, हे घराणं फाइलचा सुरुवातीचा साधारण १५० केबी भागच बिघडवतं. म्हणून मोठ्या व्हिडिओतून काही निघतं, छोट्या पत्रिकेतून नाही. पैसे अजिबात पाठवू नका म्हणावं. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. आणि याच्याबरोबर पासवर्ड चोरणारं दुसरं भूत बऱ्याचदा येतं, तेव्हा मेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदला.

आता तुमचं. विंडोज ७ ला टाकून देऊ नका, त्याची नेटची वायर काढा. एवढंच. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, आणि तुमच्याकडे बिनपासवर्डचं शेअरिंग! मे २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस आठवा. तो याच शेअरिंगच्या दारातून, कोणी काही क्लिक न करता, एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, ज्यांनी टाकली नव्हती ते सापडले, आणि त्यात विंडोज ७ वालेच जास्त. तेव्हा शेअर फोल्डर बंद. दोघांमध्ये ने-आण करायला दुकानाचा एक वेगळा पेन ड्राइव्ह. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह जुन्याला कधीच लावायचा नाही, मग ते कितीही घाईत असोत.

गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमध्ये फोल्डरच्या चित्रावर छोटा बाण दिसला तर डबल क्लिक करू नका. तो शॉर्टकट व्हायरस. खरा फोल्डर तिथेच लपवलेला असतो. व्ह्यूमध्ये जाऊन 'हिडन आयटम्स' आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' या दोन्हींवर खूण करा. दुसरीमुळे 'बायोडेटा पीडीएफ' म्हणून आलेली फाइल मुळात ईएक्सई, म्हणजे प्रोग्राम, असेल तर लगेच कळते. तेवढ्याने खरा फोल्डर दिसला नाही तर फोल्डर ऑप्शन्समध्ये 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'वरची खूण काढा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अपडेटच्या पानावर जादा वर्षाचं एन्रोलमेंट दिसेल, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने करून टाका, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट येतील. अँटीव्हायरस विंडोजच्या आतलाच डिफेंडर पुरे. पुण्याचा क्विक हील घेतलात तरी माझी हरकत नाही, पण रिन्यू न केलेला अँटीव्हायरस म्हणजे नुसतं घड्याळाशेजारचं चित्र. डिफेंडर ठेवलात तर त्यात रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस' आहे, तो मुळात बंद असतो, चालू करा. पहिल्या दिवशी कोरल म्हणेल सेव्ह होत नाही. घाबरू नका, त्याला यादीत परवानगी द्या.

बॅकअप मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तोच खरा. कायम लावलेली डिस्क हा बॅकअप नाही, तीसुद्धा बाकीच्यांबरोबर लॉक होते. दोन डिस्क घ्या, आलटून पालटून लावा, कॉपी झाली की काढा. एक दुकानात, एक घरी. महिन्यातून एकदा त्यातली एखादी जुनी पत्रिका उघडून बघा. फाइलीबरोबर फॉन्ट आणि पेजमेकरचं सेटअपही ठेवा. फॉन्ट गेला तर मॅटर असूनही 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी दिसेल. जमल्यास क्लोनझिलाने जुन्या डिस्कची आख्खी प्रत काढून ठेवा. आणि आजपासून फायनल झालेल्या प्रत्येक जॉबची पीडीएफ. फॉन्ट तिच्यात एम्बेड करून घेतलात की छपाईपुरतं तरी अडणार नाही.

वैदेही_क

तात्यांशी सहमत. ताई, एक राहिलं. तुमचा डाउनलोड्स फोल्डर उघडून बघा. लोकांची आधार, पॅन, मार्कशीट, पासबुकाचं पहिलं पान, सगळं साचलेलं असेल. तो डेटा तुमचा नाही, पण चोरीला गेला तर तुमच्या दुकानातून गेला असं होईल. रोज शटर ओढायच्या आधी रिकामा करायचा आणि रिसायकल बिनही. कोणी मेल किंवा डिजिलॉकर उघडून प्रिंट मागितली तर ब्राउझरची गेस्ट विंडो द्या, काम झालं की बंद. आमच्या इथे कॉलेजची पोरं मेल तशीच उघडी टाकून जातात, मागचा येऊन वाचतो.

आणि सध्या फोनवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणाऱ्या फाइली, फिरतायत. माझ्या सासऱ्यांनी त्या धास्तीने सख्ख्या पुतण्याची खरी पत्रिका उघडली नाही, वर "आमंत्रणच नाही" म्हणून रुसले. तुम्ही पत्रिका पाठवाल तेव्हा पीडीएफ किंवा फोटोच पाठवा, आणि गिऱ्हाइकालाही तसं सांगून ठेवा.

पत्रिकावाली_बार्शी

तात्या, वैदेहीताई, खूप आभार. फोन केला, फॉरमॅट थांबलाय. आयडी मात्र 'टी १' ने संपत नाही. त्यांनी डिस्क काढून ठेवली. मी जुन्याची वायर काढली, तर गिऱ्हाईक विचारतंय, "मॅडम, बिल भरलं नाही का?" डाउनलोड्स उघडला आणि तोंडात बोट घातलं, अहो, मागच्या निवडणुकीतल्या उमेदवारांची कागदपत्रंसुद्धा होती.

एकच शंका. नव्या डिस्क फॉरमॅट करताना एक्सफॅट निवडू की एनटीएफएस? विंडोज ७ वरही लावायच्या आहेत.

तात्या_हार्डवेअर

एनटीएफएस. दोन्हीकडे चालेल. आणि लावताना दोन्ही डिस्क एकाच वेळी लावू नका, नाहीतर दोन घेतल्याचा उपयोग काय?