मत, हापूस आणि ती लाल बस

प्रेषक: सचिव
बुधवार, ८ जून २०१६
विषय: मतदार नोंदणीची मुदत वाढली

सप्रेम नमस्कार मंडळी,

काल रात्री नोंदणीची सरकारी वेबसाइट कोलमडली. म्हणून मुदत उद्या, ९ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत वाढवली आहे. शनिवारी हॉलवर चार जणांनी विचारलं, म्हणून पुन्हा लिहितो: ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये राहायचं ('रीमेन') की बाहेर पडायचं ('लीव्ह'), या २३ जूनच्या सार्वमतात भारतीय पासपोर्ट असला तरी आपल्याला मत आहे. आपण कॉमनवेल्थचे नागरिक, त्यामुळे व्हिसा चालू असला की पुरे. शेजारच्या फ्रेंच बाई वीस वर्षं इथे कर भरत असल्या तरी त्यांना मत नाही. विचित्र आहे, पण आहे असं.

मंडळ नोंदणीकृत चॅरिटी आहे, त्यामुळे आपल्याला बाजू घेता येत नाही. कृपया या यादीवर राजकीय चर्चा नको. गणपती ५ सप्टेंबरला आहेत, हॉलचं डिपॉझिट भरायचंय. वर्गणीचं बघा.

– सचिव


प्रेषक: नाना, हॅरो
बुधवार, ८ जून २०१६

चर्चा नको म्हणालास, म्हणून थोडक्यात लिहितो.

मी १९७१ साली आलो. १९७५ च्या ५ जूनला याच प्रश्नावर मत दिलं होतं. 'यस'वर फुली मारली. तेव्हा त्याला कॉमन मार्केट म्हणायचे. ६७ टक्के लोक हो म्हणाले. आम्हाला बाजार सांगितला होता. आम्ही बाजाराला हो म्हणालो आणि पुढे चाळीस वर्षांत त्याचा एकत्र कुटुंबाचा वाडा झाला, सामाईक तिजोरीसकट. पुन्हा विचारताहेत तर या खेपेला मी 'लीव्ह' म्हणणार.

कारण सांगतो. माझा भाचा पुण्याचा. इंजिनिअर. पाच वर्षं इथे राबला, कर भरला. या एप्रिलपासून पक्कं राहायचं तर वर्षाला ३५ हजार पौंड पगार हवा. त्याचा ३३. दोन हजारांसाठी पोरगा बॅगा भरतोय. आणि युरोपातल्या बुखारेस्टहून येणाऱ्याने नुसता पासपोर्ट दाखवायचा. हा कुठला न्याय?

आणि हापूस विसरलात का? २०१४ साली अक्षय्य तृतीया होती २ मेला, आणि ब्रसेल्सने, म्हणजे युरोपियन युनियनने, हापूस बंद केला १ मेपासून! बरोबर अळू, कारली, वांगी, पडवळ. देवापुढे ठेवायला फळ नाही. आमच्या हिने नैवेद्याला डब्यातला पल्प ठेवला. तो टिनचा डबा आणि त्यावर तुळशीचं पान. मी डोळ्यांनी पाहिलंय.

– नाना


प्रेषक: एक सभासद
बुधवार, ८ जून २०१६

कृपया मला या यादीतून काढा.


प्रेषक: डॉक्टर, रेडिंग
गुरुवार, ९ जून २०१६

नाना, सा. न.

रात्रपाळी उतरून आत्ताच घरी आले. चहा उकळेपर्यंत लिहिते.

भाच्याचं ऐकून वाईट वाटलं. पण ३५ हजारांचा नियम ब्रसेल्सचा नाही, इथल्या गृहखात्याचा आहे. युरोपवाल्यांना अडवता येत नाही म्हणून ज्यांना अडवता येतं त्यांना अडवतात, म्हणजे आपल्याला, हे तुमचं म्हणणं मला कळतं. खोटंही नाही ते. पण 'माणसं फार झाली' म्हणून जे मतं मागताहेत, ते जिंकल्यावर तुमच्या भाच्याला हाका मारून बोलावतील का? तुमचा बसतो का यावर विश्वास?

आता आंबा. २०१३ साली भारतातून आलेल्या २०७ मालांत कीड सापडली होती. फळमाशी इथल्या काचघरांतल्या टोमॅटो-काकडीत शिरेल अशी धास्ती होती, आणि बंदीला इथल्या सरकारनेही मान डोलावली होती. पुढे आपल्याकडे पॅकिंग सुधारलं, तपासणी सुधारली, आणि २०१५ च्या जानेवारीत आंब्यावरची बंदी उठवायचं ठरलं. मे महिन्यात तुमच्याच घरी मी दोन फोडी जास्त खाल्ल्या. पेटी रत्नागिरीची होती.

तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देते. मी प्लॅब दिली, बाहेरून आलेल्या डॉक्टरांना द्यावी लागते ती. दोन परीक्षा, इंग्रजीची तिसरी, फी, विमानभाडं, सगळं बाबांच्या पीएफमधून. युरोपच्या डॉक्टरांना तेव्हा यातलं काही नव्हतं. २००८ साली जर्मनीहून पाळी करायला आलेल्या डॉक्टरने केंब्रिजशरमध्ये पेशंटला डायमॉर्फीन या वेदनाशामकाचा दहापट डोस दिला. माणूस गेला. ती त्याची इथली पहिलीच पाळी होती. युरोपातल्या डॉक्टरांचं इंग्रजी तपासायचा अधिकार मेडिकल कौन्सिलला मिळायला त्यानंतर २०१४ उजाडलं. ही भीती बिनबुडाची नव्हती.

तरीही मी 'रीमेन'. काल रात्री माझ्या वॉर्डात चार नर्सेस होत्या: दोघी पोर्तुगालच्या, एक केरळची, एक फिलिपिन्सची. पहाटे चारला पोर्तुगालवालीने विचारलं, 'आम्हाला जावं लागेल का गं?' तिला मत नाही. मला आहे. मी ड्रिप बदलत होते, बदलत राहिले.

आणि ती 'लीव्ह'वाल्यांची प्रचाराची लाल बस! आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते एनएचएसला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेला, देऊ म्हणे. त्या आकड्यात थॅचरबाईंनी १९८४ साली भांडून मिळवलेली सूट वजाच केलेली नाही. ते पैसे लंडनहून निघतच नाहीत. आकड्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने हे दिशाभूल करणारं आहे म्हणून सांगून झालं, तरी बस फिरतेच आहे. आमच्याकडे एप्रिलमध्ये ज्युनियर डॉक्टरांचा संप झाला, तेव्हा नव्हते हो कुणाकडे पैसे.

चहा उतू गेला.


प्रेषक: सचिव
गुरुवार, ९ जून २०१६

मंडळी, विनंती केली होती. (ज्यांना यादीतून बाहेर पडायचंय त्यांनी मेलच्या तळाशी असलेली लिंक दाबावी. मला कळवून उपयोग नाही, मला ते जमत नाही.)


प्रेषक: माई, लीस्टर
शुक्रवार, १० जून २०१६

नाना भावजी, आणि डॉक्टर बाळ,

मला तुमच्यासारखं आकड्यांत बोलता येत नाही. मी शाळेच्या किचनमध्ये होते, डिनर लेडी. १९९६ च्या मार्चची गोष्ट सांगते.

आरोग्यमंत्र्यांनी पार्लमेंटात उभं राहून सांगितलं, गाईंच्या त्या वेडाचा ('मॅड काऊ' म्हणायचे) आणि माणसांच्या मेंदूच्या नव्या आजाराचा संबंध असावा. त्याच्या सहा वर्षं आधी शेतीमंत्री गमरसाहेबांनी टीव्हीवाल्यांसमोर चार वर्षांच्या लेकीच्या तोंडाशी बर्गर धरला होता, की बघा, काही होत नाही. ते चित्र आमच्या किचनमधल्या बायका विसरल्या नव्हत्या. मंत्र्यांचं भाषण झालं आणि आमच्या मेन्यूवरून बर्गर गेले. फ्रीझर रिकामा करायला मीच होते. काळ्या पिशव्या, हात गारठलेले.

मला वाटायचं, आपल्याला काय, आपण ते खातच नाही. रात्री धाकटीचं खाऊचं पाकीट सहज उलटं केलं. जिलेटिन. ते गुरांच्या हाडा-कातड्यांतूनही काढतात. मग जेली काढली, त्यातही जिलेटिन. माझ्या कॅल्शियमच्या कॅप्सूलची बाटली, तिथेही तेच. ओट्यावर पाकिटं मांडून चष्मा लावून बारापर्यंत वाचत बसले. हे म्हणाले, परीक्षा आहे का उद्या? तेव्हापासून मी पाकीट मागून वाचते, पुढून नाही.

आठवड्याच्या आत युरोपने इथलं बीफ घेणं बंद केलं. पेपर नुसते भडकले होते, आपल्याला वाळीत टाकलं म्हणून. पंतप्रधान मेजरसाहेबही युरोपशी अबोला धरून बसले. पण मला विचाराल तर गाईला गाईचीच हाडं दळून चारा, असं काही ब्रसेल्सने सांगितलं नव्हतं. काही होत नाही, हेही त्यांनी सांगितलं नव्हतं. ते सगळं इथलंच. पुढे पावणेदोनशेच्या वर माणसं त्या आजाराने गेली, बरीचशी तरणीताठी.

म्हणून भावजी, 'आपला कारभार आपल्या हाती' म्हणतात ना, मला ते ऐकलं की तो फ्रीझर आठवतो. तुमच्या भाच्याला डबा देईन प्रवासाला. किती पोळ्या लागतील ते कळवा.

– माई


प्रेषक: नाना, हॅरो
शुक्रवार, १० जून २०१६

माई, पोळ्या दहा पुरेत, गुळाच्या असतील तर वीस.

कारभार दूर असला की चोख होतो असं तुमचं म्हणणं दिसतंय. मग आपण ४७ साली काय म्हणून भांडलो? इथला मंत्री खोटं बोलला तर त्याला पाडता तरी येतं. ब्रसेल्सच्या साहेबाला कुठे गाठू?

डॉक्टर, बसचं मान्य. आकडा फुगवलेला आहे. पण मी बस बघून मत देत नाही.

– नाना


प्रेषक: एक सभासद, कॅनरी व्हार्फ
सोमवार, १३ जून २०१६

एक कोरडी माहिती. सगळ्या युरोपच्या औषधांची तपासणी करणारी एजन्सी लंडनलाच आहे, माझ्या ऑफिसच्या बाजूला. आपण बाहेर पडलो तर ती इथे राहणार का, हे लंचच्या रांगेत तिथल्या लोकांना रोज विचारतो. रोज खांदे उडवतात. आता मला बघितलं की रांग बदलतात.


प्रेषक: सचिव
शुक्रवार, २४ जून २०१६
विषय: वर्गणी

निकाल सर्वांना कळला असेलच. लीव्ह ५१.९, रीमेन ४८.१. मंडळाचं यावर काहीही मत नाही.

पौंड रात्रीत १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला. मूर्ती पेणहून मागवली आहे, पैसे रुपयांत द्यायचे आहेत. ज्यांची वर्गणी बाकी आहे त्यांनी या आठवड्यात भरावी.


प्रेषक: डॉक्टर, रेडिंग
शुक्रवार, २४ जून २०१६

नाना, सकाळी टीव्ही पाहिलात? ३५ कोटी एनएचएसला मिळतील याची हमी देता का, असं विचारल्यावर 'लीव्ह'वाले पुढारी फराज म्हणाले, नाही, ते म्हणणं चूकच होतं.


प्रेषक: नाना, हॅरो
शुक्रवार, २४ जून २०१६

पाहिलं. बस त्याची नव्हती, दुसऱ्या गटाची होती. पण तेव्हाही बोलता आलं असतं त्याला.

भाच्याचं तिकीट १२ जुलैचं आहे. १० ला, रविवारी, दुपारी घरी या, सगळेच. डॉक्टर, त्या पोर्तुगालच्या मुलींची सुटी असेल तर त्यांनाही आण. हापूस संपला. केसरच्या दोन पेट्या सांगून ठेवल्यात.

– नाना