मामा तोच, भाचे दोन

हंसांनी काठीला धरून नेलेल्या कासवाच्या गोष्टीवरून ‘हट्टी माणसाला सांगून उपयोग नसतो’ असा सूर लागलाय. मला तो पटत नाही. कच्छप जातकात (जातक म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मांची कथा) कासव राजवाड्याच्या अंगणात पडून फुटतं, आणि अमात्य असलेला बोधिसत्त्व, म्हणजे पूर्वजन्मातले बुद्ध, नेमकं तेच दाखवून बडबड्या राजाला आवरतो. सल्ला लागू पडला, फक्त दुसऱ्याला!

पण खरी वाचण्यासारखी जोडी म्हणजे जातक क्रमांक १५ आणि १६. दोन्हींत बोधिसत्त्व हरणांचा मामा आहे आणि बहीण आपलं पाडस त्याच्याकडे शिकायला आणते. खरादिय जातकातला भाचा सात दिवस धड्याला फिरकतच नाही. फासात सापडतो आणि मरतो. तिपल्लत्थमिग जातकातला भाचा मन लावून शिकतो, तरी फासात तोही सापडतो. हे मला फार प्रामाणिक वाटतं. मग तो पोट फुगवून, जीभ बाहेर काढून निपचित पडतो, अंगावर माश्या घोंगावतात. मेलाच समजून पारधी फास सोडतो, तशी हा धूम ठोकतो.

ही दुसरी कथा बुद्धांनी कोसंबी नगरीत आपल्या मुलाबद्दल, राहुलबद्दल सांगितली. श्रामणेरांना, म्हणजे राहुलसारख्या अजून पूर्ण भिक्षू न झालेल्या शिकाऊंना, भिक्षूंसोबत झोपायला मनाई झाली, तेव्हा राहुलने कुरकुर न करता बुद्धांच्या शौचकुटीत रात्र काढली. त्याच्या आज्ञाधारकपणाचं कौतुक झालं ते नंतर. बुद्धांनी आधी तो नियमच सैल केला आणि श्रामणेरांना एक-दोन रात्री सोबत ठेवून घ्यायची मुभा दिली.