पवित्र गुरुवारी कुष्ठवसाहतीत पाय धुण्याची सेवा: तयारी कशी करावी?

पालघरकर
ख्रिस्तात सलाम. उपवासकाळात आमच्या चर्चचा तरुण गट जवळच्या कुष्ठवसाहतीत सेवा करणार आहे. पवित्र गुरुवारी योहान 13 प्रमाणे, म्हणजे येशूने शिष्यांचे पाय धुतले तसे, तिथल्या लोकांचे पाय धुवायचे, पण नुसता विधी होऊ नये, पायांना खरा उपयोग व्हावा असं वाटतं. रहिवासी सुमारे 30, बहुतेक साठीपुढचे. सगळ्यांचे औषधोपचार कधीच पूर्ण झालेत, चौघापाच जणांच्या तळपायाला जखमा आहेत. गरम पाणी, साबण, वजरी, खोबरेल तेल आणि प्रत्येकाला बाजारातून नवी चप्पल, असा बेत आहे. काही चुकतंय का?

फिजिओताई
गरम पाणी आणि वजरी दोन्ही यादीतून काढा. या आजारात मज्जातंतू निकामी होतात, त्यामुळे पावलाला चटका, टोचणं, दुखणं काही कळत नाही. पाणी जास्त गरम असलं तरी माणूस पाय मागे घेणार नाही, फोड आल्यावरच समजेल. घामही येत नसल्याने कातडी सुकते आणि भेगा पडतात.

क्रम असा ठेवा. पाय पाण्यात घालण्याआधी उजेडात तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्या नीट पाहा. हाताची मागची बाजू लावून दोन्ही पावलं ताडून बघा. एकच जागा जास्त गरम लागली तर तिथे आत इजा सुरू झालेली असते, जखम नंतर दिसते. मग घोटे बुडतील इतक्या साध्या पाण्यात 20 मिनिटं पाय ठेवा. माणशी 5 लिटर धरा, म्हणजे एकूण 150 लिटर. पाणी दरवेळी बदला, टब साबणाने धुवा.

घट्टे मऊ झाले की खरखरीत दगडाने हलक्या हाताने घासा. धातूची वजरी आणि ब्लेड खोल जातात आणि समोरचा ‘लागलं’ म्हणत नाही. दगड ज्याचा त्यालाच द्या. मग बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, बाकी पाऊल ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा तेल लावा. ते मुरलेलं पाणी आत धरून ठेवतं. कोरड्या पायावर चोळून विशेष फायदा नाही.

डायबेटिक फूटवाला
साठीपुढच्यांत मधुमेही असणारच. त्यांना 20 मिनिटं भिजवू नका. पाय पटकन धुवा, टिपा, व्हॅसलीन लावा. आधीच विचारून नावापुढे खूण करून ठेवा.

मिरजवाला
चपलांचे पैसे वाचवा. बाजारातल्या चपलेचा तळ कडक, अंगठ्याचा पट्टा काचतो आणि खिळा वर आला तरी बधीर पायाला कळत नाही. लागते ती एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल: आत मऊ सूक्ष्मछिद्री रबर, खाली टणक सोल, खिळा एकही नाही, मागे पट्टा. मागचा पट्टा नसेल तर चप्पल पायातून निसटते आणि त्या माणसाला पत्ताही लागत नाही. जिल्ह्याच्या सहायक संचालक (कुष्ठरोग) कार्यालयामार्फत ती मोफत मिळते. तुम्ही माणसाला उभं करून पावलाचा कागदावर आराखडा काढा, नाव लिहा आणि यादी तिथे पोहोचवा. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तासच घालायची, काढून पाय बघायचा, लाल डाग दिसला तर पट्टा सैल करायचा. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्या चपलेचं रबर अंगठ्याने दाबून पाहा. उसळत नसेल तर ती निकामी.

पालघरकर
हे काहीच माहीत नव्हतं. जखमा असलेल्यांचं काय करायचं?

फिजिओताई
घाण वास, पू, सूज, ताप किंवा उघडं हाड दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. बाकी जखम साबण-पाण्याने धुवून स्वच्छ गॉज बांधायचा. पण गॉजने ती भरत नाही. कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला हेच दाखवून दिलं होतं की मांस आपोआप सडत नाही, संवेदना नसल्याने माणूस त्याच जागेवर चालत राहतो आणि ती जागा पुन्हापुन्हा चिरडते. विश्रांती मिळाली तर साधी जखम साधारण दीड महिन्यात भरते. विश्रांतीच मिळत नाही, कारण पाणी भरायचं असतं, रेशन आणायचं असतं. तुमच्या गटाने त्या पाच जणांचं पाणी आणि रेशन दीड महिना सांभाळलं, तर मला ते गुरुवारच्या विधीपेक्षा मोठं वाटतं.

जुना सेवक
अगदी खरं. गुरुवारचं गणितही सांगतो: 10 टब, माणशी 40 मिनिटं, तीन फेऱ्या, म्हणजे दोन तास. पण कातडी दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडी पडते, तेव्हा रहिवाशांना रोज स्वतः करायला शिकवा आणि आठवड्याला एकदा फक्त तपासायला जा. बोटं वाकलेल्यांना दगड धरता येत नाही, त्याला जाड कापड गुंडाळून मूठ करून द्या.

संमती एकेकाची घ्या. येशू पाय धुवायला आला तेव्हा शिष्य पेत्रानेही आधी नाहीच म्हटलं होतं, कुणी नको म्हणालं तर आग्रह नको. फोटो काढू नका. प्रार्थना कुणी मागितली तर करा, पण चपलेला किंवा मलमपट्टीला ती जोडू नका. आणि मुलांच्या आईवडिलांना आधीच सांगून ठेवा, उपचार पूर्ण झालेल्या माणसाकडून हा आजार लागत नाही. नाहीतर पाच मुलं ऐन गुरुवारी येणार नाहीत आणि हात कमी पडतील.