गूळ घालून ओट्सची नानकटाई: मोडते का, आणि कोलेस्टेरॉलला खरंच उपयोगी का?

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी. वडिलांना सकाळच्या चहाबरोबर खारी नाहीतर बटर लागतंच. कोलेस्टेरॉल थोडं वाढलंय, म्हणून त्याऐवजी घरीच ओट्सची नानकटाई करायची आहे. मैदा अजिबात नको आणि साखरेऐवजी आपला गूळ. ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) 28 लिटरचा आहे.

प्रश्न दोन. गुळाची ओट्स नानकटाई एकतर ट्रेमध्ये पसरून चपटी होते, नाहीतर उचलायला गेलं की भुगा होतो. हे कशामुळं? तूप, ओट्स, गूळ यांचं वजन ग्रॅममध्ये सांगितलं तर बरं, वाटीचं माप प्रत्येक घरात वेगळं. आणि दुसरं म्हणजे, ओट्सचा फायदा नानकटाईतून पोचतो, की नुसतं मनाचं समाधान?

भट्टी आणि ओटीजी

पसरण्याचं कारण वेगळं, भुग्याचं वेगळं. दोन्हीवर एकच उपाय करायला गेलं की एक सुधारतं नि दुसरं बिघडतं.

पसरते ती पातळ तुपामुळं. नानकटाईला तूप थिजलेलं, रवाळ लागतं. एप्रिल-मे मध्ये इथं डब्यातलं तूप पातळच असतं, ते वजन करून 20-25 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचं आणि मगच फेसायचं. गूळही वितळवून घालायचा नाही. कोमट गुळाचं पाणी घातलं की तूप परत सुटतं, आणि पाक झालाच तर गार झाल्यावर दात लागत नाहीत. गूळ बारीक किसून चाळून घ्यायचा. खडे राहिले की ते ट्रेमध्ये वितळतात आणि तेवढ्या जागी काळा, कडू ठिपका पडतो. चिक्कीचा गूळ इथं चालत नाही, तो चिकट असतो. पोळीला वापरतो तो साधा गूळ घ्या.

भुगा होतो कारण ओट्समध्ये गव्हासारखं धरून ठेवणारं ग्लुटेन नाही. शिवाय ओट्सची पाकळी ओलावा सावकाश पिते. मळताना पीठ ठीक वाटतं, पण भाजताना उरलासुरला ओलावा ओट्सच ओढून घेतात आणि बिस्कीट आतून कोरडं पडतं. म्हणून मळून 30 मिनिटं झाकून ठेवणं सोडायचं नाही.

वजन असं: रोल्ड ओट्स 150 ग्रॅम, कणीक 75, गूळ 90, तूप 80, शेंगदाण्याचं जाडसर कूट 30, दूध 35 मिली, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, मीठ पाव चमचा, वेलची-जायफळ. ओट्स मंद आचेवर 5 मिनिटं कोरडे भाजा, खमंग वास सुटला की उतरवा. गार झाल्यावर निम्मे मिक्सरमध्ये जाडसर फिरवा, निम्मे अख्खे ठेवा. सगळेच दळले तर नानकटाई घट्ट आणि पिठूळ लागते, सगळेच अख्खे ठेवले तर धरत नाही. तूप-गूळ हलकं होईपर्यंत फेसून त्यात कोरडं सगळं घाला, शेवटी दूध. लोण्यात पाणी असतं, तुपात नसतं, म्हणून तुपाच्या नानकटाईला हे दूध लागतंच.

23-23 ग्रॅमचे गोळे केले की 20 होतात. हलके दाबून ट्रेमध्ये दोन बोटं अंतर ठेवा. ओटीजी 170 अंशावर 10 मिनिटं आधी तापवा, दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या खणात, 15 ते 18 मिनिटं. गूळ साखरेपेक्षा लवकर रंग धरतो, तेव्हा वरच्या रंगावर जाऊ नका. कडा घट्ट आणि मधे बोट लावलं की मऊ, एवढ्यावर बाहेर काढा. मधे कडक होईपर्यंत ठेवली तर गार झाल्यावर दगड. ट्रेमध्येच 10 मिनिटं राहू द्या, मग जाळीवर. गरम असताना उचलली तर मोडणारच, त्यात कृतीचा दोष नाही.

आहार_कोल्हापूर

कृती छान आहे. पण कोलेस्टेरॉलसाठी म्हणताय तर हिशेब मांडूनच बघा.

ओट्समधला कामाचा भाग म्हणजे बीटा-ग्लुकॅन हा विरघळणारा तंतू. आतड्यात तो चिकट थर करतो आणि पित्ताम्लं (पित्तातली आम्लं) अडकवून बाहेर नेतो. नवीन पित्त तयार करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं, त्यामुळं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, खाली येतं. त्यासाठी रोज साधारण 3 ग्रॅम बीटा-ग्लुकॅन लागतं. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 1997 साली ओट्सच्या पाकिटावर हृदयासाठी फायद्याचा दावा छापायला परवानगी दिली, तीही याच प्रमाणावर. 100 ग्रॅम ओट्समध्ये ते साधारण 4 ग्रॅम असतं, म्हणजे 3 ग्रॅमसाठी 75 ग्रॅम ओट्स.

वरच्या मापात एका नानकटाईत ओट्स साडेसात ग्रॅम, म्हणजे बीटा-ग्लुकॅन 0.3 ग्रॅम. पूर्ण 3 ग्रॅमसाठी दहा खाव्या लागतील. एकीत साधारण 100 कॅलरी, 4 ग्रॅम तूप, साडेचार ग्रॅम गूळ. दहा म्हणजे हजार कॅलरी आणि 40 ग्रॅम तूप! तुपातलं संपृक्त चरबीचं प्रमाण बघता फायद्यापेक्षा तोटा जास्त.

तेव्हा मी असं सुचवेन: सकाळी 40-50 ग्रॅम ओट्सचा उपमा नाहीतर खिचडी भाज्या घालून, आणि चहाबरोबर दोन नानकटाया. खारी-बटरऐवजी हे खाल्लं तर मैदा आणि वनस्पती तूप टळतं, हा नानकटाईचा खरा फायदा. तूप 80 ऐवजी 40 घ्या आणि 35 ग्रॅम घाण्याचं शेंगतेल घाला. पीठ सैल होईल, म्हणून 30 मिनिटं फ्रीजमध्येच ठेवा. थोडी ठिसूळ होते, चवीला काही कमी नाही. तंतू वाढले की पाणीही वाढवा, नाहीतर पोट जड होतं. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती मात्र बंद करायची नाही.

मंगळवारपेठकर

आहारताई, हिशेब पटला. आईला शुगर आहे, तिनं एखादी खाल्ली तर चालेल का? गूळच आहे म्हणून विचारतोय.

आहार_कोल्हापूर

गूळ असला तरी तो मुख्यतः साखरच. त्यातले क्षार इतके थोडे की साडेचार ग्रॅमात त्यांचा काही हिशेब धरू नये. शुगर असेल तर गूळ 60 ग्रॅमवर आणा आणि दूध 10 मिली वाढवा, कारण गूळ ओलावाही धरतो, कमी केला की कोरडं पडतं. रंग फिका येईल, तो गडद करायला जास्त भाजू नका. एक खाल्ली तर त्या वेळेला अर्धी पोळी कमी. आणि इन्स्टंट ओट्स घेऊ नका. शिजवलेल्या रोल्ड ओट्सचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्यानं वाढते त्याचा आकडा) 55 च्या आसपास, इन्स्टंटचा 80 च्या जवळ जातो. तीळ किंवा जवस दोन चमचे घातले तर उत्तम.

शाळू भाकरी

कणकेऐवजी शाळूचं पीठ घालणार असाल तर धरायला आणखी काही लागेल, त्यातही ग्लुटेन नाही. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात 10 मिनिटं भिजवा, बुळबुळीत झाली की दुधाऐवजी ती घाला. मात्र ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहिलेलेच ओट्स घ्यावेत, साध्या ओट्समध्ये गहू-जव मिसळलेला असू शकतो.

भट्टी आणि ओटीजी

पेठेतल्या बेकरीवाल्याला भाजायला देणार असाल तर पाव निघाल्यावर, भट्टी उतरल्यावर लावायला सांगा. पावाच्या आचेला गूळ पाच-सात मिनिटांतच करपतो आणि आतून कच्चं राहतं. कढईत करायची तर तळाला मिठाचा थर, वर स्टँड, झाकण ठेवून 10 मिनिटं तापवा, मग मंद आचेवर 22-25 मिनिटं.

पावसाळ्यात गुळाची नानकटाई दोन दिवसांत मऊ पडते, गूळ हवेतलं पाणी ओढतो. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, कोमट भरली तर आतल्या वाफेनं मऊ होते. मऊ पडलीच तर 140 अंशावर 6-7 मिनिटं ठेवून गार करा, परत खुसखुशीत होते. एकदम सगळी भाजण्यापेक्षा गोळे फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागतील तशा काढून भाजा, फक्त वेळ दोन-तीन मिनिटं जास्त धरा.