प्रशिक्षणात शिकलेले सेटिंगचे तंत्र कारखान्यात उतरवायचे कसे?

प्रश्न (अंबडकर)

नमस्कार. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात मी सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या मशीनच्या) विभागाचा सुपरवायझर आहे. गेल्या महिन्यात कंपनीने मला सेटिंगचा, म्हणजे एक जॉब संपल्यावर दुसऱ्यासाठी मशीन तयार करण्याचा, वेळ कमी करण्याच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवले होते. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांची पद्धत तेथे नीट शिकवली: मशीन बंद ठेवूनच करावी लागणारी कामे एकीकडे, मशीन चालू असताना उरकता येणारी दुसरीकडे, आणि पहिल्यांतील जमतील तितकी दुसऱ्यांत ढकलून सेटिंग 10 मिनिटांच्या आत आणायचे. वर्गात सारे पटले. परतल्यावर मात्र डिस्पॅचच्या घाईत फाइल कपाटात गेली, ऑपरेटर "आमचा हात बसलेला आहे" म्हणून हसण्यावारी नेतात आणि लेथवर जॉब बदलायला आजही दीड तास जातो. सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद (सातपूरचा जुना टूलरूमवाला)

10 मिनिटांचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. शिंगो यांनी स्वतः 1969 मध्ये टोयोटाच्या 1000 टनी प्रेसचे चार तासांचे सेटिंग प्रथम दीड तासावर आणले होते. तीन मिनिटांचा टप्पा त्यानंतरचा.

एकच लेथ निवडा, शेजारी स्टूल टाकून बसा आणि एक पूर्ण सेटिंग मिनिटामिनिटाने वहीत उतरवा. मी असा बसलो तेव्हा सेटर (मशीन लावणारा) जॉ (नग पकडणारे जबडे), इन्सर्ट (कापणारी पाती) आणि डायल (मोजमापाचे घड्याळ) आणायला तीनदा स्टोअरमध्ये गेला, एक ॲलन की शेजारच्या मशीनवर सापडली, आणि पहिला नग तपासणीच्या टेबलावर इतर नगांमागे रांगेत पडून राहिला, तोवर मशीन नुसते उभे. ही सारी साधने आदल्या जॉबचे शेवटचे नग चालू असतानाच ट्रॉलीवर येऊन बसायला हवीत. सॉफ्ट जॉ (नगाच्या मापाने कापून घ्यायचे मऊ जबडे) मात्र त्याच चकवर (जॉ बसतात त्या पकडीवर), कामाच्या वेळी असेल त्याच दाबाने बोअर करावे, म्हणजे आतून कापून मापात आणावे लागतात, त्यामुळे तेवढे काम मशीन थांबवूनच होणार. तेथे उगाच हट्ट धरू नका. त्या जॉवर जॉब नंबर आणि जागेच्या खुणा कोरून ठेवल्या, तर पुढच्या वेळी हलका कट पुरतो.

प्रतिसाद (प्रशिक्षण विभागातून)

काकांशी सहमत आहे, पण सगळा भार सुपरवायझरच्याच डोक्यावर का? बाल्डविन आणि फोर्ड या संशोधकांनी 1988 मध्येच मांडले होते की शिकलेले कामात उतरणे हे शिकणारा, प्रशिक्षणाची रचना आणि कामाचे वातावरण या तिन्हींवर अवलंबून असते, आणि वरिष्ठांचा पाठिंबा हा त्या वातावरणाचाच भाग आहे. आमच्याकडे मात्र चहा-बिस्किटांसोबत अभिप्रायाचा अर्ज भरून घेतला की प्रशिक्षण "यशस्वी" होते. प्रशिक्षणाचा परिणाम जोखण्याच्या किर्कपॅट्रिक यांच्या चार पायऱ्यांपैकी ती केवळ पहिली. वागणुकीतला बदल ही तिसरी पायरी आहे आणि ती पाहायला कोणीतरी शॉपवर, म्हणजे मशीनपाशी, यावे लागते. मालकांकडून एका मशीनसाठी आठवड्यातून एक सेटिंग निवांतपणे करण्याची परवानगी आधी मिळवा.

प्रतिसाद (रात्रपाळी)

मी स्वतः सेटर आहे म्हणून सांगतो: वही घेऊन कोणी शेजारी बसले की आम्हाला प्रथम माणसे कमी होणार अशीच शंका येते. आधी सेटरशी बोला आणि वही त्यालाच भरू द्या. कोणती की कोठे गायब होते, हे त्याला तुमच्याहून जास्त ठाऊक असते.

अंबडकर

सर्वांचे आभार. काल सेटरनेच वही भरली. 94 मिनिटांपैकी 37 मिनिटे चालण्यात आणि थांबण्यात गेली, आणि त्यातील 15 केवळ पहिल्या नगाच्या तपासणीसाठी. आकडा पाहून तोच गप्प झाला आणि मग म्हणाला, "ट्रॉलीला खालून कप्पा पाहिजे, नाहीतर जॉ पडतील." मालकांकडे ट्रॉलीचा विषय काढला तेव्हा त्यांनी "किती लागतील?" एवढेच विचारले, नाही म्हटलेले नाही. उद्या वेल्डरकडून खर्चाचा अंदाज घेतो.