डुंगरवाडीतील पांढरा रुमाल आणि दखम्याविषयी

प्रश्न

गेल्या महिन्यात शेजारच्या पारशी बाई वारल्या, तेव्हा मी प्रथमच मुंबईत मलबार हिलवरील डुंगरवाडीत, म्हणजे पारशी अंत्यविधीच्या जागी, गेलो. सुरुवातीला मला मुखदर्शन घेता आले, पण पुढे आम्हा बिगरपारशांना वेगळ्या मंडपात बसवण्यात आले. तेथून मंडळी जोडीजोडीने, मध्ये एक पांढरा रुमाल धरून, पार्थिवामागून चालताना दिसली. त्या रुमालाचा अर्थ काय? आणि मृतदेह खाणारी गिधाडे नसताना दखम्यात, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या बुरुजात, पुढे काय होते?

उत्तर

त्या रुमालाला आम्ही ‘पैवंद’ म्हणतो. मृतदेहापाशी कोणीही एकटे जाऊ नये, एकाचा आधार दुसऱ्याला असावा, हा त्यामागचा भाव आहे. गाथा, म्हणजे आमची पवित्र स्तोत्रे, म्हणणारे दोन मोबेदही (धर्मगुरूही) पैवंद धरूनच उभे असतात. ते मध्येच थांबतात आणि त्या क्षणी नसेसालार, म्हणजे पार्थिव वाहून नेणारे सेवक, पार्थिव दगडी लादीवरून लोखंडी तिरडीवर घेतात. लाकूड अशुद्धी शोषून घेते, म्हणून तिरडी लोखंडाची असते. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा आणून त्याला पार्थिव दाखवतात, या विधीला ‘सगदीद’ म्हणतात. आपल्याला दूर बसवले यात अपमान नव्हता; दखम्याच्या आत तर आम्हा नातलगांनाही जाता येत नाही, तेथे केवळ नसेसालार जातात.

उत्तर

दखमा वरून उघडा आणि गोल असतो. बाहेरच्या वर्तुळात पुरुष, मधल्यात स्त्रिया आणि आतल्यात मुले ठेवतात, तर उन्हाने कोरडी झालेली हाडे मध्यभागीच्या विहिरीत, म्हणजे भंडारात, जातात. अग्नी, पाणी आणि माती विटाळू नयेत यासाठी ही सारी रचना आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे, मेलेली गुरे खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण तोवर फार उशीर झाला होता. आता सूर्यकिरण एकवटणारे आरसे वापरतात, मात्र पावसाळ्यात ते जवळपास निरुपयोगी ठरतात. म्हणूनच दहन स्वीकारणाऱ्यांसाठी 2015 मध्ये वरळीला प्रार्थनागृह झाले, हे मला योग्य वाटते. इराणमध्ये यझ्दचे दखमे वापरात नाहीत. तेथे देह मातीला लागू नये म्हणून सिमेंटने बांधलेल्या कबरीत दफन करतात.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. त्यांच्या कुटुंबाला पुन्हा भेटणे केव्हा उचित ठरले असते?

उत्तर

तिसऱ्या दिवशी दुपारी ‘उठमणा’ हा प्रार्थनाविधी असतो. चौथ्या पहाटे आत्मा परलोकाकडे नेणाऱ्या चिन्वत पुलाशी पोहोचतो, अशी आमची श्रद्धा आहे. ते दिवस उलटले असले, तरी आपण अवश्य घरी जावे.