शंभर नंबरवाले पोलीस

जुन्या पोलिसी मालिका आज संथ वाटतात, हे मान्य. पण दूरदर्शनवरच्या 'एक शून्य शून्य'मधले पोलीस आपल्या नाक्यावरच्या चौकीतले वाटायचे. बी. पी. सिंग यांच्या त्या मालिकेत शिवाजी साटम होते. त्याच जोडीची 'सीआयडी' १९९८ साली सोनीवर आली आणि तपासापेक्षा इन्स्पेक्टर दयाने तोडलेली दारंच जास्त लक्षात राहिली! तरी गुन्हा बहुतेकदा त्याच रात्री उलगडायचा, मग निवांत झोप. आता वेब सिरीजमध्ये एका प्रकरणासाठी अख्खा सीझन बघा, त्यात शिव्या, अंधार आणि साहेबांचा मोडका संसार. 'पाताल लोक'मधला हाथीराम चौधरी मात्र आवडला. थकलेला, वरिष्ठांची बोलणी खाणारा, तरीही चिवट. अगदी जुन्या वळणाचा पोलीसच तो.